पहिला घास कोणाचा

"आधी तुम्ही खा," मालक म्हणाला.

रश्श्यात बुडवलेला डाव तिच्या हातात तसाच राहिला. समोरच्या लांब टेबलांवर सुतार आपापली ताटं घेऊन बसले होते. भुवयांवर अजून भुसा. सकाळपासून रंधा मारून सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते, आणि कारखान्याच्या त्या कोंदट हॉलभर बटाट्या-वाटाण्याच्या रश्श्याचा वास सुटला होता.

"आधी म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांसमोर. एक ताट वाढून घ्या, खा. पोरांच्या मनात उगाच शंका नको."

पोरांच्या मनात शंका असल्याचं काही दिसत नव्हतं. पोरांच्या मनात जेवण होतं. शंका होती मालकाच्या मनात, आणि ती त्या बिचाऱ्यांच्या नावावर खपवायचं चाललं होतं.

चूक म्हणायची तर तिचीच. सकाळी दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या तिने सांगून टाकलं होतं, मी स्वयंपाक करायचे त्या हॉस्टेलच्या मेसमध्ये विषबाधा झाली, त्यात माझ्यावर केस चालू आहे, जामिनावर आहे, तारखेला सुट्टी लागेल. जाऊबाईंनी तर बजावून पाठवलं होतं, विचारल्याशिवाय एक अक्षर बोलू नकोस. पण याआधी एका हॉटेलात तिने तोंड शिवून ठेवलं होतं. दुसऱ्याच दिवशी कुणीतरी मॅनेजरचे कान फुंकले आणि अर्धवट चिरलेली भाजी तशीच टाकून तिला निघावं लागलं. तेव्हापासून तिने ठरवलं, आपली गोष्ट आपणच सांगायची. बाकीच्या दारांवर ती ऐकून लोकांनी हात जोडले होते. या मालकाने तेवढं म्हटलं होतं, "आज एक दिवस करून दाखवा, मग बघू." आता या भागात विचारायला दुसरी जागा उरली नव्हती.

तर हे ते बघणं होतं.

"मी आधी नाही खाणार," ती म्हणाली. "सगळ्यांचं झालं की मी बसते. पहिल्यापासून तसंच आहे."

"आजच्या दिवस, काकू."

"मीठ बघायला चाखलंय मी. मीठ बरोबर आहे. विष आहे का ते बघायला नाही चाखणार."

सुतारांत एकाला सगळे वकील म्हणायचे, कारण फळी कुठून कापायची यावरूनही तो वाद घालायचा. त्याने रिकामं ताट वाजवलं. "मालक, निकाल काय तो लवकर लावा. इथे जीव जायची वेळ आली." दोघं-तिघं हसले. मालक हसला नाही.

"मला माझी माणसं सांभाळायची आहेत," तो म्हणाला. "तुम्ही खाल्लंत की माझी खात्री पटेल, बास."

"नाही पटणार." तिने डाव पातेल्याच्या काठाला टेकवून ठेवला. "हॉस्टेलात त्या दिवशी मीही तेच खाल्लं होतं. चव छान होती. संध्याकाळी त्या मुलांच्या शेजारच्या खाटेवर मलाही सलाईन लावलं. खाऊन काही कळत नाही, मालक. कळायला संध्याकाळ होते."

काम मागायला आलेल्या माणसाने असलं काही बोलू नये, हे तिला बोलता बोलताच कळलं. भीती होतीच, पण राग भीतीहून मोठा होता, आणि तो आता आवरायचा नाही असं तिने मनाशी पक्कं केलं.

मालकाने पातेल्याकडे पाहिलं, मग माणसांकडे. "मग मी कशाच्या भरवशावर वाढू देऊ?"

"आधीच्या बाईंच्या हातचं कशाच्या भरवशावर खात होता?"

आधीच्या बाई काम सोडून गेल्या तोवर त्याने त्यांना गावही विचारलं नव्हतं.

"नको असेल तर सरळ नाही म्हणा," ती म्हणाली. "ॲप्रन काढते आणि जाते. पण आधी कुत्र्याला घालून बघतात, तसं मला घालू नका."

मालकाने मांडणीवरचं एक ताट घेतलं. ते स्वच्छच होतं, तरी रुमालाने पुसलं. मग तिच्यासमोर येऊन त्याने ते पुढे धरलं आणि तिच्याकडे न बघता नुसती मान हलवली.

तिने डाव भरून उचलला. पण ताटावर आणला नाही.

"तोंडाने सांगा."

"काय?"

"वाढा म्हणून. त्या दिवशी तेलाचा डबा फोडला तेव्हा मी मेसच्या ठेकेदाराला म्हटलं होतं, हे तेल मला ठीक दिसत नाही. त्याने अशीच मान हलवली, चालू दे म्हणून. आता कोर्टात म्हणतो, मी तर काहीच बोललो नव्हतो." ती थांबली. "आणि खरंच आहे ते. बोलला नव्हता."

मालकाचे कान लाल झाले. हातातलं ताट किंचित खाली आलं, मग पुन्हा वर. त्याने घसा खाकरला.

"वाढा," तो म्हणाला.

डाव जागचा हलला नाही. तिने मान वळवून हॉलच्या टोकापर्यंत नजर टाकली.

"मागच्या टेबलाला ऐकू नाही गेलं," ती म्हणाली.