मागचं दार

परदेशातल्या लेकाकडे उन्हाळाभर राहायचं, पहिल्यांदा नातू पाहायचा, म्हणून शकुनबाई घाटंजीपासून उमरखेडपर्यंत सगळ्या सोयऱ्यांकडे जेवून निरोप घेऊन आल्या. गावानं हार घालून दोघा नवरा-बायकोला एसटीत बसवलं. नागपुरात उतरताच लेकाचा फोन, "आई, यंदा नको येऊ. हिचे आईबाबा येऊन राह्यले, घरात जागा नाही."

आता गावाला कोणत्या तोंडानं सांगायचं? रात्रीच्या अंधारात गावी परतून, पुढचं कुलूप तसंच ठेवून दोघं मागच्या दारानं घरात शिरली. शेजारी आवाज जाईल म्हणून भर मे महिन्यात कूलरही बंद.

तिसऱ्या दिवशी नणंदेचा फोन आला. "वयनी, एवढी हळू काहून बोलून राह्यली?"

शकुनबाईंनी रिकाम्या मांडीकडे पाहिलं.



"नातू झोपला न वं मांडीवर."