दुसऱ्याच्या नावाची फुंक

"जोरात फुंकायचं. छाती फुटली तरी चालंल," असं ज्ञानबाला बजावत बजरंगने आपला निळा सदरा त्याच्या अंगात चढवला.

जवळा बाजारच्या कापसाच्या जिनिंगमध्ये कामगारांच्या आरोग्याचा कार्यक्रम आला होता. सकाळी योगासनं, मग केळं, मग सुरक्षेचा वर्ग. दिपाली मॅडम सगळ्यांना टोपी, मास्क घालायला लावत आणि चालत्या मशीनमध्ये हात का घालायचा नाही ते सांगत. इथवर कुणाची तक्रार नव्हती. पण शेवटी फुप्फुसांचा दम मोजायला एका नळीत फुंकायचं होतं, आणि "घाबरू नका, कुणाची नोकरी जाणार नाही," असं मॅडम कुणी न विचारताच म्हणाल्या. तिथेच बजरंगच्या मनात पाल चुकचुकली. मालक फुकटात केळी वाटणारा माणूस नव्हता.

बजरंग मशीनवरचा कायम कामगार, आणि गेले काही दिवस सारखा खोकत होता. चुलतभाऊ ज्ञानबा तिथेच हंगामी हमाल, अंगाने धिप्पाड. हंगामी माणसांची तपासणी पुढच्या फेरीत होती. मास्कआडून मॅडमना सगळे सारखेच. त्या फक्त नाव विचारत.

ज्ञानबा आत जाऊन आला तो भिंतीला हात लावून उभा राहिला. बजरंगकडे बघेना.

"झालं का बराबर?"

"व्हय."

पुढच्या आठवड्यात निकाल आला. बजरंगची फुप्फुसं निम्मीच चालतात, त्याला धुळीत ठेवायचं नाही. बजरंगची रवानगी गेटवर झाली. मशीनवर कोण? बजरंगच्या सुट्टीला बदली उभा राहणारा ज्ञानबा होताच.

"लई भोळे तुमी," सिंधूबाई नवऱ्याला म्हणाली. "त्यानं मुद्दाम हळू फुंकलं. जागा पायजे व्हती त्याला."

बजरंगला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. ज्ञानबा हल्ली घरी फिरकत नव्हता. चहाला हाक मारली तर लांबूनच मान हलवून कटवायचा. एकदा बोलता बोलता मध्येच गप्प झाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. त्यात गेटवरच्या मोकळ्या हवेत बजरंगचा खोकला पार थांबला, तसा त्याचा राग जास्तच पेटला. धडधाकट माणसाला या पठ्ठ्याने आजारी ठरवलं होतं!

एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो तडक आत घुसला. मशीन बंद होतं. ज्ञानबा सरकीच्या ढिगाला टेकून बसला होता. डबा तसाच झाकलेला.

"काहून केलं रे असं? सख्ख्या भावावानी वागवलं तुला, अन् माह्याच जाग्यावर बसला?"

"दादा, ऐक..."

"काय ऐकू? चल मॅडमकडं. नळीत कोण फुंकलं ते सांगून टाकतो. जाऊ दे दोघांची बी नोकरी!"

ज्ञानबाने त्याचं मनगट धरलं. अडवायला की उठायला, ते बजरंगला कळलं नाही.

"लेकराची आण घेतो, दादा," तो थांबत थांबत म्हणाला. "व्हता तेवढा सगळा दम लावला व्हता म्या."