फुग्याला टाका
आभाळातून अख्ख्या खोऱ्याला मोबाईलची रेंज देणारा फुगा हरवला होता. शोधून शोधून दमलेल्या इंजिनिअरला तो सापडला एका म्हाताऱ्या जोडप्याच्या गोठ्यावर, खिळ्यांनी ठोकलेला. “छप्पर गळत होतं, देवाने वरून ताडपत्री टाकली,” म्हातारा खुशीत म्हणाला. म्हातारीने मात्र मुका फोन पुढे केला. “साहेब, बोटीवरच्या लेकाचा फोन येईनासा झालाय. तेवढं बघा.” “आजी, तो ह्याच फुग्यातून यायचा.” म्हातारीने विचारलं, “दुसरा फुगा कधी सोडणार?” “मंजुरी आली की.” मंजुरी कधी येणार, हे म्हातारीने विचारलंच नाही. नवऱ्याकडून तिने खिळे उपटून घेतले, फाटका फुगा मांडीवर ओढला अन् सुई काढली. “शिवून देते, वर सोडा.” प्रत्येक टाका म्हणजे फुग्याला नवं भोक, हे इंजिनिअरच्या ओठांवर आलं. पण म्हातारीला सुईचं नेढं दिसेना. त्याने निमूट दोरा ओवून दिला.