परक्या स्वयंपाकघरातला खोकला

जगतपुऱ्यातल्या एका खाजगी कंपनीत प्रणिता दुसऱ्यांच्या फोनचे माइक आणि कॅमेरे चोरून चालू करायचं काम करायची. काम सरकारी होतं, पण कुठल्या सरकारचं, हे ऑफिसात कोणी विचारत नसे. नाशिकला आईला तिने "ॲपचं टेस्टिंग करते" असं सांगून ठेवलं होतं.

त्या दुपारी तिच्या स्क्रीनवर दूरदेशीच्या एका वकीलबाईंचं स्वयंपाकघर होतं. टेबलावर फोन उभा टेकवून बाई एकट्याच भाजी चिरत होत्या.

प्रणिताला खोकला आला. तोच खोकला हेडफोनमधून, त्या स्वयंपाकघरातून, तिला परत ऐकू आला. तिचा माइक तर बंद होता.

बाईंनी सुरी खाली ठेवली. पेलाभर पाणी आणून समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं, आणि पाहुणी पाणी पिते का ते बघत उभ्या राहिल्या.

"काही बोलतेय का ती?" शेजारच्या राघवने विचारलं.

"नाही," प्रणिता म्हणाली. "नाही," स्वयंपाकघरातूनही तिचाच आवाज आला.

बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पेला नुसता आणखी जवळ सरकवला. या बाईंचं रडणं, लेकीशी बोलणं, प्रार्थना, सगळं प्रणिताने ऐकून वर पाठवलं होतं. शरमेने तिला मान वर करवेना. तिने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

मराठीचा एक शब्दही न येणाऱ्या त्या बाई हेडफोनमधून हळूच म्हणाल्या, "हात काढ गं. मलाही बघू दे तुला."