जवळचं माणूस

बेहिजेबाई बारा वर्षं इस्तंबूलच्या दप्तरखान्यात बसून, तीनशे वर्षांपूर्वी बुर्सा शहरात वारलेल्या विधवांच्या सामानाच्या याद्या वाचत होत्या. कुणाच्या मागे दोन रजया राहिलेल्या, कुणाच्या मागे रेशमाचा माग. यादीखाली 'वारस नाही' असा शेरा आला की त्या ते नाव वेगळ्या कागदावर उतरवून घेत.

डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा इस्पितळाच्या फॉर्मवर जवळच्या माणसाचा फोन नंबर मागितला होता. दोन दिवस तो रकाना रिकामाच राहिला. शेवटी त्यांनी दप्तरं आणून देणाऱ्या हुलुसींना हळूच विचारलं, "भाऊ, तुमचा नंबर घातला तर चालेल? नुसता लिहायला हो. तुम्हाला यायला नाही लागणार."

"घाला की बाई. आणि येईन पण मी."

"तुम्हाला विचित्र तर नाही ना वाटलं?"

हुलुसींनी हातातलं दप्तर त्यांच्यापुढे नीट ठेवलं.

"मागच्या वर्षी माझ्या हार्टच्या ऑपरेशनला मी इथल्या वाचकांच्या वहीतून तुमचाच नंबर काढून फॉर्मवर घातला होता. इस्पितळवाल्यांनी तुम्हाला दोनदा फोन केला, पण तुम्ही इथे वाचत बसला होतात. फोन बंद होता."