गुरूच्या ढगांतलं यान

खट्.

मांजर्लीच्या त्या दोन खोल्यांत सकाळपासून कुणी बोललं नव्हतं. त्या आवाजासरशी बकुळा चटईवर पालथी झाली, हनुवटी हातांवर टेकली. अंबरनाथहून रात्रपाळी करून आलेला तिचा बाप, श्रीपाद, भिंतीला टेकून बसला. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं.

"जेवलीस का गं पोटभर?" पद्मजाचा आवाज जरा घोगरा होता.

"हो आई."

"मग ऐक. गुरू ग्रहाकडे निघालेल्या मोठ्या यानाच्या पोटात एक छोटं यान होतं. जुलैत मोठ्या यानाने त्याला सोडून दिलं. आता डिसेंबरात ते गुरूच्या ढगांत शिरणार, छत्री उघडून खाली खाली जाणार. आणि जाता जाता सांगत राहणार, वारा किती आहे, गरम किती होतंय, ढगांत पाणी आहे की नाही."

"उतरणार कुठे?"

"उतरायला जमीनच नाही बाई तिथे. नुसती हवा. खाली दाट होत जाणारी, तापत जाणारी."

"मग?"

"मग तासाभरात ते वितळून जाणार."

पद्मजाला धाप लागली. बापलेक थांबून राहिले.

"पण त्याचं बोलणं वाया नाही जायचं हं, बकू. मोठं यान वरून सगळं ऐकणार, टेप करून ठेवणार. मग सावकाश, कित्येक महिने आपल्याला ऐकवत राहणार."

"अगं, पहिलीतल्या पोरीला काय कळतंय गुरू-बिरू?" श्रीपादचा आवाज त्रासिक होता. "संध्याकाळी दवाखान्यात जायचंय. पड जरा."

"तिला कळतंय सगळं. तुम्हीच कधी बसून ऐकत नाही." पद्मजा हसली.

श्रीपादने मान खाली घातली. ते हसू संपलं की पुढे नुसती खरखर होती. मागच्या दिवाळीत पद्मजाने भरलेली ती एकच कॅसेट, तिघांच्याही आवाजांची. आता तो रोज बसून ऐकायचा.

टेप बंद करायला तो उठला, पण त्याआधीच बकुळा पुढे सरकली. टेपरेकॉर्डरच्या जाळीला ओठ लावून तिने आज नवंच काहीतरी विचारलं.

"आई, परत यायचं नाही, हे छोट्या यानाला ठाऊक होतं का गं?"