नाव घातलेलं झाकण

लिलावाच्या ॲपवर लिहिलं होतं, ‘अस्सल स्वीस घड्याळ, कधीच न उघडलेलं.’ मी फोटो मोठा केला. तबकडी एकाची, काटे दुसऱ्याचे आणि मागच्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं ‘नंदाबाई, आष्टी’. ते झाकण माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या घड्याळाचं! भांड्यांवर नावं घालणाऱ्यापुढं नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून आईनं स्वतःचंच घातलं होतं. दुरुस्तीला दिलेलं घड्याळ भंगारात गेल्याचं दुकानदारानं सांगितलं होतं. फोन करून विक्रेत्याला अक्षरांबद्दल विचारलं. “मॅडम, ती स्वीस कारखान्याची नक्षी आहे.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “त्या नक्षीचं नाव नंदाबाई! माझी आई हाय ती, इथं चहा पिऊन राह्यली!” तो नरमला. “मग बोली लावा, स्वस्तात देतो.” आईनं कप आदळून फोन हिसकावला. “लग्नात गेलेलं आपलं भांडं नाव दाखवून आणतात, इकत घेत न्हाईत. पत्ता सांग!”